हिरव्या खुणांचे शुक्रवार

२ मार्च, सोमवार

आज सकाळी साडेदहा वाजता मला कळलं की मी आजीवन नाही.

बावीस वर्षांपूर्वी ज्या संस्थेने मला संगणकव्यवस्थेच्या कामाचं सोनेरी काठाचं प्रमाणपत्र दिलं, त्यावर ‘आजीवन वैध’ असं ठसठशीत छापलं आणि खाली कोंबडीने पाय पुसल्यासारखी अध्यक्षांची सही केली, त्याच संस्थेचं पत्र आलंय. तंत्रज्ञान बदलतंय, म्हणून आजीवन म्हणजे येत्या ३१ मेपर्यंत. पुढे परीक्षा द्या, पास व्हा, तीन वर्षं जगा, पुन्हा परीक्षा द्या.

दुपारी साहेबांनी बोलावलं. साहेब आमच्या रुग्णालयाचे व्यवस्थापक. संगणक म्हणजे काय हे त्यांना नीटसं माहीत नाही, पण परिपत्रक म्हणजे काय हे पक्कं माहीत आहे. म्हणाले, “१ जूनपासून सर्व्हरच्या खोलीची चावी आणि शुक्रवारच्या तक्त्यावरची सही वैध प्रमाणपत्रवाल्याकडेच. रुग्णालय तपासायला आलेल्यांनी लिहूनच दिलंय.”

“आणि माझं नाही झालं रिन्यू, तर?”

“तर ते आहेत की,” म्हणत त्यांनी काचेपलीकडे मौनीबाबाकडे हनुवटी उडवली.

मौनीबाबा माझा सहकारी. माझ्या हाताखाली नऊ वर्षं आहे आणि दिवसाला सरासरी अकरा शब्द बोलतो. त्याने हे प्रमाणपत्र तीनदा रिन्यू केलंय, कुणी सांगितलेलं नसताना. अशी माणसं शाळेत सुट्टीतला अभ्यास सुट्टी लागण्याआधी संपवत असणार.

शुक्रवारचा तक्ता हे माझ्या आयुष्यातलं एकमेव व्रत. रुग्णांच्या सगळ्या नोंदी, तपासण्या, अहवाल दर शुक्रवारी मुख्य सर्व्हरवरून दुसऱ्या यंत्रावर उतरतात. उद्या मुख्य सर्व्हरने मान टाकली तर कुणाचा रक्तगट, कुणाची ॲलर्जी हरवायला नको. नक्कल पुरी झाली की पडद्यावर हिरवी खूण येते, मग मी तक्त्यावर ‘पडताळले’ या शब्दासमोर सही करते. आजवर अकराशेच्या वर शुक्रवार झाले. एकही लाल नाही. आणि ही सही आता मौनीबाबा करणार.

४ मार्च, बुधवार

घरी सांगितलं. नवरा लिफ्ट तपासनीस आहे. त्याचं आयुष्य लोकांच्या इमारतींत पिवळ्या चिठ्ठ्या डकवण्यात गेलं: ‘तपासणी झाली, पुढील तपासणी अमुक तारखेला.’ त्याच्याकडून सहानुभूती मागणं म्हणजे कात्रीकडे सुई मागण्यासारखं.

“बरोबर आहे त्यांचं,” तो म्हणाला.

“बावीस वर्षं मी ते काम करतेय. चालतंय ना सगळं?”

“लिफ्ट चालते हे सगळ्यांनाच दिसतं गं. दोर तुटल्यावर ती जागच्या जागी धरते का, तेवढंच मी बघतो. ते कुणालाच दिसत नाही.”

मी म्हटलं, मी लिफ्ट नाही. तो म्हणाला, हो, लिफ्ट कुरकुरत नाही एवढी.

सासूबाई कोपऱ्यात शब्दकोडं सोडवत होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “म्हणजे सध्या तुझं प्रमाणपत्र नाही? मग माझ्या फोनला हात नको लावूस हं.” गेले चार दिवस त्यांचा फोन फोटो दाखवताना अडकतोय आणि तो मीच बघायचा होता.

“३१ मेपर्यंत आहे, आई.”

“कशाला धोका पत्करा?” म्हणाल्या आणि आडवा सहावा शब्द लिहीत राहिल्या.

८ मार्च, रविवार

निवेदनाचा मसुदा केला. सर्व जुन्या आजीवन प्रमाणपत्रधारकांच्या सह्या घेऊन संस्थेला पाठवायचं. एक वाक्य फार जमलंय: ‘आईला आई असल्याची परीक्षा दर तीन वर्षांनी द्यावी लागत नाही.’ जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं.

“द्यावी लागती तर बरं झालं असतं,” सासूबाई म्हणाल्या. “हा तरी जरा बरा निपजला असता.”

नवऱ्याने आमटीचं भांडं पुढे ओढलं.

संध्याकाळी दुसरं एक पत्र लिहिलं, वाहन परवाना कार्यालयाला. सासूबाईंनी पंचाहत्तरी ओलांडलीये, त्यामुळे त्यांना गाडीची परीक्षा पुन्हा द्यायची आहे. नियम उत्तमच आहे, पण पुरेसा कडक नाही असं माझं मत आहे. पन्नास वर्षं गाडी चालवली म्हणून आज येते असं कुठे आहे? परवाच त्यांनी फाटकाचा खांब ओळखीच्या माणसासारखा खांद्याने हलकेच ढकलला. वय वाढतं, नजर बदलते, रस्ते बदलतात. मुळमुळीत भाषा न वापरता स्पष्ट लिहिलं की सत्तरीनंतर दर वर्षी परीक्षा हवी.

नवऱ्याने दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचली. “लोकां सांगे ब्रह्मज्ञान,” एवढंच म्हणाला आणि भांडी घासायला उठला. पुढचा अर्धा भाग त्याने गिळला म्हणून वाचला.

१३ मार्च, शुक्रवार

हिरवी खूण. सही.

पाच वाजता निघाले. पर्स विसरली म्हणून परत गेले, तर मौनीबाबा सर्व्हरच्या खोलीबाहेर, आपल्या टेबलाशी, एक छोटी डिस्क जोडून बसलेला. मला पाहून उठला नाही, दचकला नाही. हेच जास्त संशयास्पद.

“घरी जायचं नाही?”

“जातो.”

झाला आजचा बारावा शब्द. झाडूवालीला विचारलं, तर म्हणे दर शुक्रवारी तुम्ही गेल्यावर तासभर असतातच. कधीपासून? तर म्हणे, वर्षं झाली.

दर शुक्रवारी! माझ्या तक्त्याच्याच दिवशी. माझ्या खुर्चीवर डोळा असेल असं वाटलं होतं, पण इतकी वर्षं मापं घेत बसला असेल असं नव्हतं वाटलं.

२० मार्च, शुक्रवार

साहेबांच्या कानावर घातलं. तक्रार नाही केली, सहज म्हटलं की कामाच्या वेळेनंतर कुणी खासगी डिस्क जोडून बसणं बरं दिसत नाही. साहेबांनी त्याला बोलावलं. काचेतून दिसत होतं: साहेबांचे हात हलत होते, त्याची फक्त मान.

नंतर साहेब म्हणाले, “अभ्यास करतो म्हणाला.”

पाहा. कबूलच केलं. मी साहेबांना सुचवलं नाही की त्याला थांबायला मनाई करा. त्यांनी आपणहूनही केली नाही. उलट म्हणाले, “चांगलं आहे, अभ्यासू माणूस.” माझ्याकडे बघून म्हणाले.

निवेदनावर आतापर्यंत तेवीस सह्या.

२४ मार्च, मंगळवार

सासूबाई मंगळवारी वाचनालयात जातात. आज येताना कोपऱ्यावर त्यांना एक गाडी सोडून गेली. वर काहीतरी पाटी होती, मला वाचता आली नाही. कोण होतं विचारलं, तर म्हणाल्या, “वाचनालयातली मैत्रीण.” चेहरा लाल होता. पुस्तकाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, “शेवट दुःखी आहे.” आणि खोलीत गेल्या. हातात पुस्तक नव्हतं.

या वयात मैत्रिणींशी भांडू नये. पण बोलणार कोण.

२ एप्रिल, गुरुवार

निवेदनावर एकेचाळीस सह्या झाल्या. तरीही परीक्षेच्या अभ्यासाचं पुस्तक मागवलं, म्हणजे शत्रू काय करतो ते कळावं. पुस्तक उघडल्यावर आनंद झाला, कारण निम्मे प्रश्न निव्वळ बावळट आहेत. ‘अमुक बटणाचं नवं नाव काय?’ बटण तेच, जागा तीच, फक्त नाव बदललं म्हणून मी नापास. आणखी एक: चार पर्याय, चारही बरोबर, त्यातला ‘सर्वांत बरोबर’ निवडा. हे म्हणजे चारही जावा चांगल्या, सर्वांत चांगली कोण ते सासूसमोर सांगा.

मौनीबाबाला मुद्दाम ऐकवलं. तो म्हणाला, “निम्मे बावळटच असतात, मॅडम. उरलेल्या निम्म्यांसाठी जायचं.”

त्याने इतकं लांब वाक्य उच्चारल्याचं मला आठवत नाही.

खरं लिहायचं तर उरलेल्या निम्म्यातले बरेच मला येत नाहीत. हे इथेच राहू दे.

१० एप्रिल, शुक्रवार

हिरवी खूण. सही.

सराव परीक्षेत आज चिडायला लावणारा प्रश्न: ‘तुमच्या बॅकअपवरून कोऱ्या यंत्रावर नोंदी परत उतरवून शेवटचं कधी पाहिलं? (अ) या महिन्यात (ब) या वर्षात (क) कधीच नाही.’ याचं उत्तर ‘गरज पडली नाही’ असं असायला हवं, पण तो पर्यायच दिलेला नाही. बावीस वर्षं खूण हिरवी येतेय, तर परत उतरवून कशाला पाहायचं? जेवण झालंय हे दिसत असताना पोट कापून बघतं का कुणी?

हा प्रश्न किती निरर्थक आहे ते पुराव्यानिशी निवेदनात घालणार. उद्या शनिवार आहे, खोलीत कुणी नसेल. एका कोऱ्या यंत्रावर सगळं उतरवते आणि छायाचित्रासकट संस्थेच्या तोंडावर मारते.

११ एप्रिल, शनिवार

नीट लिहिते.

अकराला गेले. कोरं यंत्र लावलं, कालचा बॅकअप उतरवायला घातला, पुस्तक वाचत बसले. कोपऱ्यात जुना सर्व्हर घुरघुरत होता. साडेतीन वर्षांपूर्वी आम्ही नव्या सर्व्हरवर आलो, पण जुना कशाकशाला जोडलेला आहे हे कुणालाच खात्रीने माहीत नाही, म्हणून तो बंद करायचं धाडस कुणी करत नाही. अशी एकेक म्हातारी यंत्रं प्रत्येक संगणकखोलीत असतात. आम्ही त्यांना घाबरून असतो.

दोन वाजता काम पुरं झालं. हिरवी खूण आली. काहीतरी उघडून पाहावं म्हणून सासूबाईंच्या नोंदी उघडल्या. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी इथेच झालं. आमच्या बॅकअपच्या मते त्यांना अजून मोतीबिंदू आहे.

मला वाटलं चुकीचा रुग्ण उघडला. दुसरा पाहिला. तिसरा. मग सगळ्यांत ताजी नोंद शोधली. ती साडेतीन वर्षांपूर्वीची निघाली, गुरुवारची. आम्ही नव्या सर्व्हरवर आलो त्याच्या आदल्या दिवसाची.

बॅकअपला नवा पत्ता द्यायचं राहून गेलं होतं. माझ्याकडून, कारण ती सेटिंग बदलायचा अधिकार माझ्या एकटीच्या सहीला आहे. तेव्हापासून दर शुक्रवारी तो इमानेइतबारे कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याकडे जातो, त्याच त्या जुन्या नोंदी उचलतो, व्यवस्थित उतरवतो, आणि हिरवी खूण देतो. खूण खोटी नाही. नक्कल खरंच पुरी होत होती. कशाची, ते तिला कुणी विचारलं नव्हतं.

आणि मी साडेतीन वर्षं ‘पडताळले’समोर सही केली.

पत्ता बदलला. नव्याने बॅकअप घेतला. उतरवला. आईंचा मोतीबिंदू गेला. सहा वाजले. घरी आले तेव्हा नवऱ्याने विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, डोकं दुखतंय. त्याने चहा केला.

१२ एप्रिल, रविवार

कुणालाच कळणार नाही. पत्ता बदललाय. आजपासून सगळं ठीक आहे. मुख्य सर्व्हर या साडेतीन वर्षांत एकदाही पडला नाही, म्हणजे कुणाचं काही नुकसानही नाही. सांगितलं तर ३१ मेची वाटसुद्धा बघायला नको, उद्याच चावी जाईल.

हे तीनदा लिहून पाहिलं. तिन्ही वेळा अक्षर वाईट आलं.

१३ एप्रिल, सोमवार

मौनीबाबांच्या टेबलाशी गेले. विचारलं, “तुम्ही शुक्रवारी थांबून काय करता? खरं सांगा.”

त्यांनी खालचा खण उघडला. आत डिस्कांची रांग. प्रत्येकीवर तारखेची पट्टी, आणि तारखेखाली बारीक अक्षरात: ‘उतरवून पाहिले.’

मी खुर्ची ओढून बसले.

“नव्या सर्व्हरचा बॅकअप?”

“हो.”

“किती दिवस?”

“साडेतीन वर्षं होतील.”

“मला सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं होतं. दोनदा.”

“मी काय म्हणाले?”

त्यांनी खण बंद केला. “पहिल्यांदा म्हणालात, खूण हिरवी आहे ना. दुसऱ्यांदा काही बोलला नाहीत. भिंतीकडे बोट दाखवलंत.”

भिंतीवर माझं प्रमाणपत्र आहे.

“साहेबांकडे जायचं होतं सरळ.”

“मग चावी माझ्याकडे आली असती.” पुढे म्हणाले, “मला नकोय ती. सारखे फोन येतात.”

“आणि साहेबांनी विचारलं तेव्हा ‘अभ्यास करतो’ का म्हणालात?”

“करतच होतो. डिस्क भरेपर्यंत दुसरं काय करणार?”

मी त्यांच्याविरुद्ध कान भरल्याचं त्यांना ठाऊक होतं. तोंडावर काही दिसलं नाही. मी म्हटलं, मी चुकले. त्यांनी मान डोलावली. ‘असू दे’ म्हणाले नाहीत, याचं मला बरं वाटलं. मग तेच म्हणाले, “सांगून न ऐकल्यावर मी लेखी द्यायला हवं होतं. माझंही चुकलंच.”

तिथून तडक साहेबांकडे. सगळं सांगितलं.

“पण सगळ्या शुक्रवारी हिरवं आहे,” तक्ता उलटत साहेब म्हणाले.

“हो. हिरवंच आहे.”

“मग अडचण काय आहे?”

पाऊण तास लागला. अखेर ‘फोटोकॉपी छान निघाली, पण गेल्या वर्षीच्या कागदाची’ एवढं म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. मी म्हटलं, आजपासून सही मौनीबाबांची, चावीही त्यांचीच. मी परीक्षा देते. पास झाले तर पुढचं बघू. साहेबांनी तसं लिहून घेतलं. परिपत्रक काढायला मिळाल्यावर त्यांना जरा उभारी आली.

१४ एप्रिल, मंगळवार

घरी सांगितलं. मला वाटलं होतं नवरा पिवळी चिठ्ठी काढील. तो म्हणाला, “एकदा एका लिफ्टवर मी वर्षभर सह्या केल्या होत्या. दोर बघितला, ब्रेक बघितले, आणीबाणीच्या घंटेचं बटण कधी दाबलं नाही. दाबल्यावर कळलं, घंटाच नव्हती.”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू कधी विचारलं नाहीस. विचारलं असतंस तरी सांगितलं नसतं.”

सासूबाई आज परवान्याच्या परीक्षेत पास होऊन आल्या. “गेले, चालवली, आले,” म्हणाल्या. मी अभिनंदन केलं. माझं ते पत्र कार्यालयाने वाचलं नसावं अशी आशा आहे.

१९ एप्रिल, रविवार

एकेचाळीस जणांना फोन केले. निवेदनातून आईचं वाक्य काढलं. आता लिहिलंय की परीक्षा जरूर घ्या, दर तीन वर्षांनी घ्या, पण बटणांची नावं विचारू नका. उमेदवाराला कोऱ्या यंत्रासमोर बसवा आणि म्हणा, आण तुझा बॅकअप. तेरा जणांनी सह्या मागे घेतल्या. बाकीच्यांपैकी सहा जणांनी नंतर हळूच फोन करून विचारलं, की असं उतरवून बघायचं म्हणजे नेमकं कसं करायचं?

९ मे, शनिवार

परीक्षा. नवरा कामावर, म्हणून सासूबाईंनी सोडलं. मी पुढे बसले आणि दाराची मूठ धरून ठेवली. त्या प्रत्येक वळणाआधी आरशात बघत होत्या, दोन्ही हात चाकावर, वेग मोजून मापून. पन्नास वर्षांत त्यांना अशी गाडी चालवताना मी पाहिलं नव्हतं. फाटकाचा खांबही सुखरूप.

नापास. दोन प्रश्न कमी पडले. त्यातला एक बटणाच्या नावाचा होता हे मला खात्रीने माहीत आहे, पण दुसरा नव्हता.

गाडीत बसल्यावर म्हटलं, “नाही झाले, आई.”

“होतं असं पहिल्या खेपेला,” त्या म्हणाल्या. आरसा पाहिला, मागे पाहिलं, पुन्हा आरसा पाहिला, आणि मग गाडी काढली. वाटेत टोमणासुद्धा मारला नाही. मला काळजी वाटली.

२३ मे, शनिवार

पास. काठावर. नवऱ्याला फोन केला तर म्हणाला, “काठ सोनेरी आहे का?” आता काठबिठ काही नसतो. एक साधा कागद छापून मिळतो आणि उजव्या कोपऱ्यात तारीख: वैधता तीन वर्षं.

२५ मे, सोमवार

साहेब चावी परत द्यायला निघाले. मी म्हटलं, दोघांची सही ठेवू. एकाने उतरवायचं, दुसऱ्याने उघडून पाहायचं. मौनीबाबा म्हणाले, “चालेल. फोन तुम्ही घ्यायचे.”

भिंतीवरून जुनं प्रमाणपत्र काढलं. त्याच्यामागे भिंतीचा मूळ रंग होता, चौकोनी, बावीस वर्षांपूर्वीचा. नवा कागद त्या चौकोनापेक्षा लहान आहे. कडा दिसतात. दिसू देत.

३० मे, शनिवार

न्याहारी झाल्यावर सासूबाईंनी कागद मागितला. तारीख वाचली, उलटून मागची बाजू पाहिली, आणि फोन माझ्यासमोर ठेवला. “धर. तीन वर्षं हात लावायची परवानगी आहे तुला. तुझ्या सासऱ्यांचे फोटो आहेत त्यात. जाता कामा नयेत.”

सगळे फोटो संगणकावर घेतले. हिरवी खूण आली. पूर्वीची मी तिथेच उठले असते. कपाटातला जुना फोन पुसून कोरा केला, त्यावर सगळे परत उतरवले आणि एकेक उघडून बघत बसले. सासरे बागेत. सासरे चहा पिताना. सासरे डोळे मिटून, बहुतेक फोटो काढू नकोस म्हणत असावेत.

शेवटी यंदाचे. २४ मार्चचा एक: वाहन शिकवणाऱ्यांची गाडी, वर पाटी, शेजारी सासूबाई, हातात परवाना कार्यालयाचा कागद, त्यावर लाल शिक्का, आणि चेहरा शेवट दुःखी असलेल्या पुस्तकासारखा. मग ३१ मार्चचा, तीच गाडी. ७ एप्रिलचा, तीच गाडी. १४ एप्रिलचा, कागदावर शिक्का निळा, आणि शिकवणारी बाई आईंपेक्षा जास्त हसतेय.

सगळे मंगळवार.

“आले का सगळे?” त्यांनी दारातून विचारलं.

“आले, आई.”

“नीट बघितलेस ना? सगळे?”

“वरवर बघितले,” मी म्हटलं. “सासऱ्यांचे तेवढे नीट बघितले.”

त्यांनी आत येऊन फोन उचलला. मग म्हणाल्या, “पुढच्या मंगळवारी वाचनालयात येतेस का? मी सोडते.”

परवाना कार्यालयाला लिहिलेल्या पत्राची प्रत खणात सापडली. फाडली. दर वर्षी नको, दर तीन वर्षांनी पुरे.